शब्दचर्चा : जिवाची वस्तू गेली, तर काय म्हणावे?

विचारणा : घरातील एखादी अत्यंत जिव्हाळ्याची वस्तू हरवली, फुटली किंवा चोरीला गेली, तर मनाची जी अवस्था होते तिच्यासाठी मराठीत नेमका शब्द कोणता? ‘दुःख’ म्हटले तर अतिशयोक्ती वाटते आणि ‘वाईट वाटले’ म्हटले तर काहीच सांगितल्यासारखे होत नाही.

उत्तर : ‘दुःख’ हा शब्द येथे मोठा ठरतो, असे मला वाटत नाही. तो वापरताना आपण कचरतो, कारण समोरचा माणूस ‘वस्तूच तर होती’ असे म्हणेल याची धास्ती मनात असते. मराठी भाषेने मात्र जिवंत आणि निर्जीव यांच्यात अशी भिंत घातलेली नाही. पोटच्या मुलासाठी, गोठ्यातल्या वासरासाठी आणि कपाटातल्या पैठणीसाठी आपण ‘जीव’ या एकाच शब्दाभोवतीचे वाक्प्रचार वापरतो. म्हणून तेथूनच सुरुवात करणे योग्य होईल.

‘आजीचा त्या पितळी डब्यावर फार जीव होता’ या वाक्यातला ‘जीव असणे’ हा सर्वांत साधा प्रकार असून तो एक स्थिती सांगतो. ‘जीव लावणे’ यात कर्त्याची इच्छा आणि कष्ट येतात. तो बहुधा माणसांसाठी आणि जनावरांसाठी वापरला जातो, पण वाद्य, शेत, सायकल अशा ज्या वस्तूंची रोज निगा राखावी लागते त्यांच्यासाठीही तो सहज शोभतो. ‘जीव जडणे’ आपोआप घडते, त्यात कोणी काही ठरवलेले नसते. ‘जीव गुंतणे’ म्हटले की सुटण्याची अडचण सूचित होते आणि ‘जीव अडकणे’ येथे ती अडचण पुरती झालेली असते. लोककथेतल्या राक्षसाचा जीव साता समुद्रांपलीकडच्या पिंजऱ्यातील पोपटात असतो, ही कल्पना आपण लहानपणी ऐकलेली असते. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही, तर ‘त्यांचा जीव कशात तरी अडकला आहे’ असे जमलेले लोक म्हणतात, मग गेलेल्या माणसाच्या आवडीच्या गोष्टी आठवून आठवून ‘त्याची काळजी आम्ही घेऊ’ असे मोठ्याने सांगितले जाते, आणि त्या गोष्टींत लेकीचे लग्न असते तसे एखादे कपाट किंवा एखादी पेटीही असते. ज्या समाजात मेलेल्या माणसाचाही वस्तूत अडकलेला जीव सोडवून दिला जातो, तेथे जिवंत माणसाने आपले दुःख लपवावे याला काही आधार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चटका, हळहळ, रुखरुख, चुटपुट आणि हुरहूर हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो, पण लिहिताना त्यांच्यातला फरक सांभाळला पाहिजे. तो मी एका घडलेल्या प्रसंगावरून मांडतो. माझ्या मावशीचा तंबोरा मिरजेत घडवलेला होता. घर बदलताना सामान वाहणाऱ्यांनी तो उभा न ठेवता गाद्यांखाली आडवा घातला आणि भोपळ्याला तडा गेला. वरून पाहता फारसे काही दिसत नव्हते, तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी पाटीच्या, कडेपासून खाली एक केसासारखी रेघ गेलेली होती. पण पंचमाची तार छेडली तेव्हा जवारीतून, म्हणजे घोडीवर तार टेकते त्या जागेतून, एरवी जो भरलेला नाद उमटे, त्याच्या जागी एक कोरडी खरखर ऐकू आली. मावशीने हात काढून घेतला, खोळ पुन्हा चढवली आणि ‘तंबोरा गेला’ एवढेच शब्द उच्चारले. ‘फुटला’ किंवा ‘बिघडला’ यांपैकी एकही शब्द तिच्या तोंडी आला नाही.

त्या क्षणी तिला बसला तो ‘चटका’. हा शब्द अचानकपणा आणि दाह दोन्ही सांगतो, आणि म्हणूनच दीर्घकाळ टिकणाऱ्या भावनेसाठी तो चालत नाही. बातमी कळल्यावर तिच्या शिष्या आणि शेजारच्या बायका ‘हळहळल्या’. हळहळ स्वतःच्या नुकसानीबद्दल वाटते तशीच दुसऱ्याच्या नुकसानीबद्दलही वाटते, आणि ती बहुधा ऐकू येते, बोलून दाखवली जाते. एकाच्या वस्तूसाठी चार घरे हळहळू शकतात, हे या शब्दाचे मोठेपण आहे. तंबोरा आपण स्वतः मांडीवर घेऊन रिक्षाने न्यायला हवा होता, हे मावशीच्या मनातून पुढे कितीतरी दिवस जाईना, ती ‘रुखरुख’. रुखरुखीत आपल्या हातून राहून गेलेल्या गोष्टीची टोचणी असते. ‘चुटपुट’ तिचीच धाकटी बहीण म्हणावी इतकी जवळची, पण वजनाने हलकी. दुकानात पाहिलेली वस्तू घ्यायची राहिली तरी चुटपुट लागते, म्हणून जिवाची वस्तू गेली असता तो शब्द मला अपुरा वाटतो. पहाटे रियाजाच्या वेळी, कोपऱ्यातली ती खोळ चढवलेली उभी आकृती पाहून तिला जे वाटे ती ‘हुरहूर’. या शब्दाला कारण नेमके सांगावे लागत नाही, काहीतरी नसल्याची आणि काहीतरी हवे असल्याची ती अवस्था आहे.

तेव्हा विचारणाऱ्यांना एकच शब्द हवा असेल, तर माझे मत ‘हळहळ’ या शब्दाला आहे. मात्र वस्तू हरवण्यात आपला हात असेल, तर ‘रुखरुख’ अधिक खरा. आणि या दोन्हींच्या पलीकडे जाऊन माणसाने अन्नपाणी सोडले असेल, तर ‘हाय खाल्ली’ म्हणावे.

येथे एक गोष्ट जोडली पाहिजे. मराठीत या दुःखाचा मोठा भाग नामात नसून क्रियापदात असतो. ‘गहाळ होणे’ हे कचेरीतल्या कागदांचे क्रियापद, त्यात कोणाचाच जीव नसतो. ‘हरवणे’ यात सापडण्याची आशा शिल्लक असते. ‘गमावणे’ म्हटले की दोष कर्त्याकडे जातो. ‘मुकणे’ आणि ‘पारखे होणे’ ही दोन्ही क्रियापदे गेलेल्या गोष्टीपेक्षा मागे राहिलेल्या माणसाकडे पाहतात, म्हणून ती मला विशेष मोलाची वाटतात: ‘मी त्या तंबोऱ्याला मुकले’ या वाक्यात उणे झालेली व्यक्ती बोलणारी स्वतः आहे. ‘हरपणे’ सर्वांत भारदस्त. भान हरपते, डोक्यावरचे छत्र हरपते, आणि थोर माणूस गेला की तो हरपला असे आपण लिहितो. पानिपतच्या १७६१ च्या संहाराची वार्ता ज्या सावकारी सांकेतिक पत्राने नानासाहेब पेशव्यांना कळली, त्यात विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ यांच्या मृत्यूसाठी ‘दोन मोती गळाले’ असे म्हटले होते, आणि पुढे मोहरा हरपल्याचा आणि खुर्द्याची, म्हणजे सुट्या नाण्यांची, तर गणतीच नसल्याचा उल्लेख होता. माणसांचा शोक वस्तूंच्या भाषेत सांगितला गेला आणि तरी वाचणाऱ्याला तो पुरेपूर कळला. वस्तू जाण्याच्या शब्दांत माणूस जाण्याचे वजन पेलण्याइतके बळ आहे, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

‘आठवण’ या शब्दाचाही येथे विचार करायला हवा. आपण वस्तूकडे बोट दाखवून ‘ही माझ्या आईची आठवण’ असे म्हणतो. ‘खूण’, ‘निशाणी’, ‘स्मृतिचिन्ह’ हे शब्द वस्तू आणि माणूस यांच्यात थोडे अंतर ठेवतात, पण ‘आठवण’ म्हणताना ती वस्तूच स्मरण होऊन बसते. मग ती गेल्यावर ‘आठवण हरवली’ हे वाक्य तयार होते, आणि ते अक्षरशः खरे असल्यासारखे बोचते. सांत्वन करणारे लोक ‘वस्तू गेली तरी आठवण राहतेच’ असे म्हणतात, त्यांचा हेतू चांगला असतो. पण ज्याने त्या वस्तूलाच आठवण म्हटले आहे त्याला ते पटत नाही, आणि भाषेच्या दृष्टीने त्याची बाजू बरोबर आहे.

सांत्वनाच्या शब्दांतले ‘आसक्ती’ आणि ‘मोह’ हे दोन शब्द अशा प्रसंगी टाळावेत, असे मी आग्रहाने सुचवतो. ‘संगात् संजायते कामः’ (संगातून कामना उपजते) या गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील वचनामागचा विचार मोठा आहे, पण ‘आसक्ती’ या शब्दातही ‘संग’ या शब्दातलाच चिकटून राहण्याचा धातू आहे आणि तो ऐकणाऱ्याच्या प्रेमाला दोष ठरवतो. ‘ममत्व’ या शब्दाचा अर्थ नुसता ‘माझेपणा’ असा होतो आणि ‘माया’ तर मराठीत वेदान्ताचा अर्थ मागे ठेवून आईच्या हाताची झाली आहे. हे दोन शब्द दुखावत नाहीत. ‘एवढे मनाला लावून घेऊ नका’ हे वाक्यही जपून वापरावे, कारण वस्तू गेल्यावर ती मनाला लागणे हा काही स्वभावदोष नव्हे.

शेवटी एका वेगळ्या वर्गाची नोंद करतो. काही वस्तूंच्या बाबतीत मराठी नाशाचे क्रियापद उच्चारूच देत नाही. बांगडी ‘वाढते’, मंगळसूत्र ‘वाढवले’ जाते, नारळ ‘वाढवतात’, समई ‘शांत’ करतात आणि भंगलेल्या मूर्तीचे ‘विसर्जन’ करतात. सौभाग्य किंवा देवत्व ज्या वस्तूशी बांधलेले आहे, तिच्याबद्दल तुटणे किंवा फुटणे हे शब्द अशुभ मानले गेले, हे कारण स्पष्ट आहे. परंतु वाद्ये, अवजारे, जाते, नांगर यांच्यासाठीही असे आडवळणाचे शब्द कोठे वापरात आहेत का, हे पाहण्यासारखे आहे. दसऱ्याला आपण त्यांची पूजा करतो, त्यामुळे असा शब्द असणे अगदी संभवनीय वाटते. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण आणि गोवा येथील वाचकांनी आपल्या घरी ऐकलेले शब्द, शक्य तर ते ज्या वाक्यात ऐकले त्या वाक्यासह, येथे नोंदवावेत.