दिवाळीनंतर घरच्या घरी करता येईल असे साधे, हलके सूप

गंगापूररोडकर

नमस्कार. भाऊबीज होऊन पाहुणे आपापल्या गावी परतले. गेले आठ-दहा दिवस फराळ आणि दोन्ही वेळची पंगतीची जेवणे झाल्यामुळे आता रात्री पोळी-भाजीचे ताट समोर आले, तरी घरात कोणाचा हात पुढे होत नाही. सासरे ७५ वर्षांचे आहेत व त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. धाकटा मुलगा ७ वर्षांचा आहे आणि त्याला तिखट सोसत नाही. मी सातपूरला नोकरी करते व घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजतात, म्हणून पाऊण तासाच्या आत होईल आणि दोघांनाही चालेल असे एकच सूप मला हवे आहे.

या आठवड्यात मी दोन प्रयत्न केले आणि दोन्ही फसले. टोमॅटोच्या सुपात आंबटपणा कमी व्हावा म्हणून शेवटी अर्धा कप दूध घातले, तर ते पातेल्यातच फाटले. दुसऱ्या दिवशी पालक कुकरमध्ये शिजवून, त्यात एक टोमॅटो घालून वाटला, तर त्याचा रंग शेवाळासारखा झाला आणि मुलाने वाटी बाजूला सारली. पाकिटातले सूप मला करायचे नाही आणि शक्य असेल तर कॉर्नफ्लोअरही टाळायचे आहे. घरात सध्या लाल भोपळ्याची मोठी फोड, भरपूर टोमॅटो, मूगडाळ आणि आले आहे. यातून काही होऊ शकेल का? आणि माझे दोन्ही वेळा नेमके काय चुकले, हेही कोणी सांगितले तर आभारी राहीन.

पंचवटीची सून

ताई, तुमच्या घरात जे आहे त्यातूनच उत्तम सूप होते, आणि त्यासाठी बाजारात जाण्याची गरज नाही. आमच्याकडे दिवाळीनंतरचा पहिला आठवडा रात्री बहुतेक हेच असते. लाल भोपळ्याला माझ्या सासूबाई डांगर म्हणतात, आणि डांगराची भाजी नको म्हणणारी मुले हे सूप मात्र दोनदा मागून घेतात.

चार जणांसाठी पाव वाटी मूगडाळ धुऊन घ्यावी. साल काढलेल्या डांगराच्या दोन वाट्या फोडी, दोन मध्यम टोमॅटो, एक लहान कांदा आणि बोटाच्या पेराएवढे आले घ्यावे. कुकरमध्ये एक चमचा तुपावर कांदा फक्त पारदर्शक होईपर्यंत परतावा; तो लाल केला तर सुपाला भाजीच्या रश्शाची चव येते, आणि ती इथे नको असते. मग उरलेले सगळे साहित्य व चार वाट्या पाणी घालून तीन शिट्ट्या कराव्यात. मूगडाळीला फेस येतो, म्हणून कुकर निम्म्याहून अधिक भरू नये, नाहीतर शिट्टीतून पिवळे पाणी उडून ओटा माखतो. कुकरची वाफ आपोआप जिरू द्यावी आणि तोवर हातपाय धुऊन घ्यावेत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हे शिजलेले मिश्रण गरम असताना मिक्सरच्या बंद भांड्यात मुळीच फिरवू नये. आत कोंडलेली वाफ झाकण उडवते आणि उकळता रस अंगावर येतो. माझ्या मनगटावर त्याचा डाग अजून आहे. हँड ब्लेंडर असेल तर कुकरमध्येच फिरवावा. नसेल तर डाळ घोटायच्या रवीने चांगले घोटून मोठ्या गाळणीतून गाळावे, म्हणजे टोमॅटोची साले आणि आल्याचे धागे वर राहतात. डांगर व डाळ इतकी मऊ झालेली असते की रवीने काम भागते, आणि मला तर तो किंचित रवाळ पोत अधिक आवडतो.

गाळलेल्या सुपात लागेल तसे गरम पाणी घालून एक उकळी आणावी, सपाट अर्धा चमचा मीठ घालावे आणि अर्धा चमचा तुपात जिऱ्याची फोडणी करून वरून ओतावी. मिरपूड पातेल्यात न घालता ज्याच्या त्याच्या वाटीत घातली, की मुलाचा आणि सासऱ्यांचा प्रश्न एकदमच सुटतो. दाटपणा डाळीचा आणि भोपळ्याचा येतो, त्यामुळे कॉर्नफ्लोअरची आठवणही होत नाही.

अन्नशास्त्राची शिक्षिका

वरची कृती उत्तम आहे. मी फक्त त्या दोन फसलेल्या प्रयत्नांविषयी लिहिते, कारण कारण कळले की पुढच्या वेळी हात चुकत नाही.

दुधातले केसीन हे प्रथिन आम्लाच्या संपर्कात आले की त्याच्या गुठळ्या होतात, आणि दूध गरम असेल तर ही क्रिया फार लवकर घडते. पनीर करताना आपण उकळत्या दुधात लिंबू पिळतो तेव्हा जे होते, तेच तुमच्या पातेल्यात झाले, फक्त लिंबाच्या जागी टोमॅटो होता. वरून साखर घातल्याने आम्ल कमी होत नाही, केवळ जिभेला ते कमी जाणवते. त्यामुळे टोमॅटोच्या सुपाचा आंबटपणा उतरवायचा असेल, तर त्यात गाजर, लाल भोपळा किंवा एखादा बटाटा बरोबरच शिजवावा. त्यांची गोडी आणि पिठूळपणा आंबटपणाला सामावून घेतो आणि दुधाची गरजच पडत नाही. टोमॅटो थोड्या तुपातेलात शिजवण्याचा आणखी एक लाभ आहे: त्याला लाल रंग देणारे लायकोपीन स्निग्ध पदार्थात विरघळते, आणि शिजवलेल्या टोमॅटोतून ते शरीराला अधिक सहजपणे मिळते.

पालकाच्या बाबतीतही दोष आम्लाचाच आहे. पानांतील हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. उष्णता आणि आम्ल एकत्र आले की ते निघून जाते आणि हिरव्या रंगाचा शेवाळी तपकिरी होतो. पानांमध्ये स्वतःची आम्ले असतातच. उघड्या पातेल्यात त्यांतली काही वाफेबरोबर बाहेर पडतात, बंद कुकरमध्ये मात्र ती आतच राहतात, आणि तुम्ही त्यात टोमॅटोही घातला होता. पुढच्या वेळी भरपूर उकळत्या पाण्यात पालक झाकण न ठेवता दोन मिनिटे ठेवावा, लगेच गार पाण्यात काढावा आणि मगच वाटावा. आंबटपणा हवा असेल तर लिंबू वाढताना वाटीत पिळावे. ज्यांना मूतखड्याचा त्रास झाला आहे, त्यांच्यासाठी पालक उकळलेले पाणी सुपात न वापरता टाकून देणे योग्य, कारण पालकातील ऑक्झलेट या मूतखड्याला कारण ठरणाऱ्या घटकाचा काही भाग त्या पाण्यात उतरतो.

सासऱ्यांच्या संदर्भात एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, मीठ सुचवते, आणि चिवडा-चकलीच्या दिवसांत ते दुपारीच ओलांडले जाते. म्हणून त्यांची वाटी मीठ घालण्यापूर्वी वेगळी काढावी आणि तिला जिरे, आले व लिंबाने चव आणावी. त्यांना मूत्रपिंडाचा काही विकार असेल, तर टोमॅटो, पालक आणि डाळ यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण या सर्वांत पोटॅशियम बरेच असते.

निफाडकर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरीही एक वेगळा विचार मांडतो. आपण ज्याला आज सूप म्हणतो, ते आपल्या घरांत कढण, सार आणि माडगे या नावांनी आधीपासून आहे, आणि जड खाण्यानंतर किंवा आजारातून उठल्यावर तेच दिले जात असे. आमच्या निफाडकडे दिवाळी सरली की पहाटेचा गारठा द्राक्षबागांवर उतरू लागतो, आणि आई तेव्हा हुलग्याचे माडगे करायची. भाजलेल्या हुलग्याचे दोन मोठे चमचे पीठ गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचे, जिरे व ठेचलेल्या लसणाच्या फोडणीत पाणी उकळून त्यात ते सोडायचे, आणि सतत ढवळत आठ-दहा मिनिटे मंद आचेवर शिजवायचे. त्याला मिक्सर लागत नाही, गाळणी लागत नाही, आणि सगळे मिळून वीस मिनिटांत होते.

टोमॅटोबद्दल इतकेच सांगतो की, आपल्या नाशिक जिल्ह्यात खरिपाचा टोमॅटो याच सुमारास निघतो आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत त्याची मोठी आवक असते, त्यामुळे सूप करण्याचे हेच दिवस. मात्र सुपासाठी घट्ट, फिक्या टोमॅटोपेक्षा पूर्ण पिकलेला, दाबल्यावर किंचित मऊ लागणारा घ्यावा. तो मुळातच कमी आंबट असतो. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात असा माल संध्याकाळी स्वस्तही मिळतो, कारण तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही.

गंगापूररोडकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पंचवटीच्या ताईंच्या कृतीने डांगर-मूगडाळीचे सूप केले. कुकर लावण्यापासून वाढेपर्यंत चाळीस मिनिटे लागली, त्यात वाफ जिरण्याची वेळही आली. सासऱ्यांची वाटी मिठाआधी काढली. त्यांनी लिंबू पिळून पूर्ण संपवली आणि ‘आज पोटाला बरे वाटले’ असे झोपताना सांगितले. मुलासाठी उरलेली भाजणीची चकली तोडून वरून घातली, म्हणून त्याच्या वाटीतही मीठ कमीच ठेवले. चकली बाहेरून ओली आणि आत कुरकुरीत असतानाच त्याने सगळे खाल्ले. पालकाचा प्रयोग रविवारी पुन्हा करीन आणि माडग्यासाठी हुलग्याचे पीठही आणणार आहे.

एकच शंका राहिली आहे. हे सूप दुप्पट करून दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येईल का? आज सकाळी उरलेली वाटी पाहिली, तर ती पिठल्यासारखी घट्ट झाली होती.

पंचवटीची सून

ठेवता येईल. डाळीतला पिष्टमय भाग गार झाल्यावर पाणी धरून घट्ट होतो, त्यात बिघडण्यासारखे काही नाही. दुसऱ्या दिवसाचा भाग मीठ आणि फोडणी घालण्यापूर्वीच वेगळा काढावा, पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीच संपवावा. गरम करताना अर्धी-पाऊण वाटी उकळते पाणी घालून तळापासून ढवळत खळखळून उकळी आणावी, कारण घट्ट सूप मध्यभागी गार राहते आणि तळाला लागते. फोडणी त्या वेळी ताजी करावी. मीठ पाणी वाढवल्यानंतर चाखून घालावे.