दादाला समुपदेशनाला तयार कसं करू? मदत हवी आहे

मंडळी, दादाला चार महिने झोप नाही, चिडचिड, छातीत धडधड. मला हाच त्रास झाला तेव्हा डॉक्टरांनी आपणहून समुपदेशकाचं नाव दिलं. त्याच डॉक्टरांनी दादाला झोपेची गोळी लिहून दिली आणि ‘व्यायाम करा’ म्हणाले. तक्रार तीच हो!

कसाबसा एकदा समुपदेशकाकडे नेला. फॉर्मवर ‘मनातल्या भावना सविस्तर लिहा’ असा रकाना. दादाने पेनाचं टोपण तीनदा काढलं-लावलं आणि फॉर्म कोराच परत दिला. ‘हे शिकलेल्यांचं काम.’ त्याचं अगदीच चुकलं असं नाही. विल्यम स्कोफिल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्येच लिहिलंय, थेरपिस्टना तरुण, देखणे, बोलके, हुशार, यशस्वी असेच लोक पेशंट म्हणून आवडतात. दादा यातला फक्त देखणा (असं वहिनी म्हणते).

शिवाय वेळ मिळते भर दुपारची, म्हणजे कामावर खाडा आणि पगारात कपात.

कुणाच्या घरी असा माणूस बोलता झालाय का? पुरुष समुपदेशक असेल तर फरक पडतो? फोनवर जमतं का? ‘भावना नकोत, आधी झोपेबद्दलच विचारा’ असं त्यांना आधी कळवलं तर चालेल? (गोळी चालू आहे, ती सोडायला सांगू नका.)