रूट कॅनाल परवडत नाही, दाढ काढून टाकावी का?

पाऊलवाट: खालची डावी पहिली मोठी दाढ (कागदावर 36 लिहिलंय) किडली आहे. थंड पाणी लागलं की कळ येते ती पाच-दहा मिनिटं जात नाही, रात्रीही ठणकते. रूट कॅनाल (दाढेतली खराब नस काढून मुळं साफ करून भरणं) आणि त्यावर झिरकोनियाची, म्हणजे दाताच्या रंगाच्या सिरॅमिकची कॅप सांगितली आहे. एवढा खर्च एकदम झेपणार नाही. काढणं स्वस्त पडतंय. काय करावं?

गारवेल: काढायची घाई करू नका. दाढ गेली की शेजारची दाढ त्या फटीत कलते, वरची खाली उतरते, आणि पुढे कृत्रिम दात बसवायचा खर्च वेगळाच.

थंडाची कळ दोन-चार सेकंदांत जात असती तर फिलिंगवर भागलं असतं. ती रेंगाळते, रात्री ठणका असतो, म्हणजे नस वाचणं कठीण. अशा दाढेत नुसतं फिलिंग भरलंत तर ते पैसे वाया जातील.

खर्च कमी करायचा तर दंत महाविद्यालयाची ओपीडी गाठा. आधी केस पेपर, तपासणी, एक्स-रे, मग विभाग ठरतो. मोठ्या दाढेत तीन-चार कॅनाल (मुळांतल्या नसेच्या बारीक नळ्या) असतात, त्यामुळे पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे देता येईल का ते विचारा. शिक्षक टप्प्याटप्प्याला तपासतात, काळजी नको. वेळ मात्र हाताशी ठेवा: एका बैठकीला दोन-तीन तास सहज जातात, फेऱ्याही जास्त होतात. फेरी चुकवू नका. दोन फेऱ्यांच्या मध्ये दाढेत भरतात ते लवंगेच्या तेलाचा वास येणारं पांढरं तात्पुरतं फिलिंग काही आठवडेच टिकतं. ते झिजलं की लाळ आत शिरते आणि साफ केलेल्या कॅनालमध्ये पुन्हा जंतू वाढतात.

शेवंती९: कॅपबद्दल. मागच्या दाढेला झिरकोनियाच हवी असं नाही. पूर्ण धातूची कॅप सहसा सर्वांत स्वस्त, मजबूत, शिवाय तिच्यासाठी दाढ कमी घासावी लागते. दिसायला चंदेरी, एवढंच. पण कॅप टाळू नका. रूट कॅनाल केलेली दाढ चावताना उभी चिरली आणि चीर मुळापर्यंत गेली, तर ती काढावीच लागते, आधीचा खर्चही बुडतो. खर्चाचा अंदाज लेखी मागा, त्यात एक्स-रे, रूट कॅनाल, वरचं पक्कं फिलिंग आणि कॅप वेगवेगळी लिहून घ्या. हप्ते मिळतील का ते सुरुवातीलाच विचारा. एक्स-रेची प्रत स्वतःकडे ठेवा, दुसरीकडे गेलात तर पुन्हा काढावा लागणार नाही.

कडुनिंब: तोवर अँटिबायोटिकवर दिवस काढू नका. नस मेली की तिथला रक्तपुरवठा थांबतो, औषध आत पोचतच नाही. ठणका थांबला म्हणजे बरं झालं असंही नाही, बऱ्याचदा नस मेल्यामुळेच तो थांबतो. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, कातडी भाजते. गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. श्वासाला त्रास झाला तर एक मिनिटही थांबू नका.

पाऊलवाट: धन्यवाद. कॅपला दोन महिने उशीर झाला तर चालेल?

शेवंती९: धोका आहेच. थांबावंच लागलं तर तात्पुरतं नको, पक्कं फिलिंग भरून घ्या, दाढेचे उंच कोपरे थोडे घासून कमी करता येतील का ते डॉक्टरांना विचारा, आणि त्या बाजूने कडक काही चावू नका.