लहान मुलाचा घोळणा वारंवार फुटतो: काय करावे, डॉक्टरांकडे कधी जावे?

प्रश्न

माझा मुलगा ६ वर्षांचा आहे. गेल्या दोन महिन्यांपासून आठवड्यातून दोन-तीनदा त्याचा घोळणा फुटतो, तोही बहुतेक वेळा रात्री झोपेत. सकाळी उशीवर रक्ताचे डाग दिसले की पुढचा सगळा दिवस माझे लक्ष कशातच लागत नाही. मान मागे करून झोपवायचे, असे मला लहानपणापासून ठाऊक असल्यामुळे आम्ही तेच करत आलो. परंतु मागच्या आठवड्यात तसे केल्यावर त्याला रक्ताची उलटी झाली आणि आम्ही फार घाबरलो. धूलिकणांच्या ॲलर्जीसाठी डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्प्रे तीन महिन्यांपासून सुरू आहे, याखेरीज त्याला कोणताही आजार नाही. ज्यांच्या मुलांना हा त्रास होता त्यांनी काय केले, आणि कोणत्या तपासण्या खरोखर आवश्यक असतात, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

ताई, आधी त्या उलटीबद्दल सांगते. मान मागे टाकली की रक्त नाकावाटे बाहेर न येता घशातून पोटात उतरते, पोटाला ते सोसत नाही आणि मूल ते ओकून टाकते. मान पुढे झुकलेली असेल तर हे बहुतेक टळते, आणि तोंडात आलेले रक्त गिळण्याऐवजी थुंकायला सांगता येते. माझ्या मुलीला वयाच्या चौथ्या वर्षापासून सातव्या वर्षापर्यंत हा त्रास होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या, खालच्या बाजूला निरनिराळ्या रोहिण्यांच्या बारीक शाखा एकत्र येऊन त्यांचे जाळे झालेले असते. जेम्स लिटल या अमेरिकन शल्यविशारदांनी १८७९ मध्ये या जागेचे वर्णन केले, म्हणून तिला ‘लिटलचा भाग’ म्हणतात. मुलांचा घोळणा बहुतेक वेळा इथूनच फुटतो. तिथले आवरण अतिशय नाजूक असते आणि मुलाचे बोट नेमके तिथपर्यंत सहज पोहोचते. कोरडी हवा, सर्दी, ॲलर्जीमुळे सुटणारी खाज किंवा नखाचा ओरखडा यांपैकी कोणतेही निमित्त पुरते. रक्त थांबल्यावर तिथे खपली धरते, ती खाजते, मूल झोपेत नकळत नाक चोळते, खपली निघते आणि पुन्हा रक्त येते. म्हणून रक्त थांबवण्यापेक्षाही, मधल्या दिवसांत ती जागा नीट भरून यावी यासाठी अधिक कष्ट घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

रक्त येऊ लागले की मुलाला ताठ बसवून किंचित पुढे झुकायला सांगावे, तोंडाने श्वास घेऊ द्यावा आणि नाकाचे हाड संपते त्याखालचा मऊ भाग दोन बोटांच्या चिमटीत दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरावा. घड्याळ पाहून पूर्ण १० मिनिटे, मध्ये एकदाही चिमूट न सोडता. थांबले की नाही हे पाहण्यासाठी दर मिनिटाला बोटे काढली, तर नुकती साकळू लागलेली गुठळी सुटते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. पहिले काही महिने आम्ही वर हाडापाशी दाबत होतो आणि त्याचा काहीही उपयोग होत नव्हता. कापसाचे बोळेही कोंबू नयेत, कारण काढताना त्यांना चिकटून खपली निघते.

मधल्या दिवसांसाठी आमच्या डॉक्टरांनी साधी पेट्रोलियम जेली सुचवली होती. स्वच्छ बोटाने ती नाकपुडीच्या तोंडाशी थोडीशीच लावायची आणि बाहेरून हलके दाबून आत पसरू द्यायची. काडी घेऊन खोलवर जाऊ नये. सकाळी आणि झोपण्यापूर्वी असे चार आठवडे नेमाने केले. नाक कोरडे वाटले तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घालत होतो आणि नखे दर तीन-चार दिवसांनी कापत होतो. दुसऱ्या आठवड्यापासून फरक दिसला, तरी पुढचे दोन आठवडे चिकाटीने लावत राहिलो. बरे वाटू लागल्याबरोबर थांबवले की खपली पुन्हा धरते.

प्रतिसाद २

आमच्या मुलाला मात्र जेलीने पुरेसा फरक पडला नाही. नाक-कान-घसा तज्ज्ञांना पडद्यावर एक फुगलेली रक्तवाहिनी दिसली आणि त्यांनी ती जागा बधिर करून सिल्व्हर नायट्रेटने डागली. काही मिनिटांचेच काम होते. पडद्याला भोक पडू नये म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी डागत नाहीत, असे त्यांनी समजावून सांगितले होते.

प्रतिसाद ३

मी लहान मुलांच्या विभागात परिचारिका आहे. वरचा सल्ला योग्यच आहे. तपासणीबद्दल तेवढे लिहिते. नीट दाबूनही २० मिनिटांत रक्त थांबले नाही, मूल फिकट पडले किंवा गळून गेले, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर रक्त आले, तर तातडीने रुग्णालयात न्यावे. २ वर्षांखालील बाळाचा घोळणा सहसा फुटत नाही, त्यामुळे तसे झाल्यास दाखवणे आवश्यकच आहे. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी असलेला रक्तमिश्रित स्राव येत असेल तर आत एखादी वस्तू अडकलेली असू शकते. ती बटणासारखी छोटी बॅटरी असेल तर काही तासांतच पडद्याला गंभीर इजा होते, म्हणून सकाळपर्यंत थांबू नये.

मार न लागता अंगावर निळे डाग उठणे, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसणे, हिरड्यांतून रक्त येणे, किंवा घरात कोणाला दात काढल्यावर वा पाळीच्या वेळी फार रक्तस्राव होत असणे, या गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी आपण सांगाव्यात. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांट यांनी १९२६ मध्ये वर्णन केलेला एक आनुवंशिक रक्तस्रावाचा विकार आहे. त्यात प्लेटलेटची संख्या आणि रक्त साकळण्याच्या नेहमीच्या चाचण्या पुष्कळदा ठीक येतात, त्यामुळे कुटुंबातली माहिती कळली तरच पुढच्या विशेष चाचण्या सुचतात. यांपैकी काहीही नसेल तर मुलाला पुन्हा पुन्हा सुया टोचण्याची गरज सहसा पडत नाही. तापासाठी आयब्युप्रोफेन देत असाल तर तेही सांगा, कारण त्याने रक्त साकळण्यात अडथळा येतो.

ताई, एक विचारते: रक्त बहुधा कोणत्या नाकपुडीतून येते, आणि स्प्रे कोण मारते?

प्रश्नकर्ती

उजव्या नाकपुडीतून. स्प्रे तो स्वतःच मारतो, दोन्ही बाजूंना उजव्या हातानेच. इतर लक्षणांपैकी कोणतेही नाही आणि घरातही कोणाला तसा त्रास नाही.

प्रतिसाद ३

मग आधी ते बदलून पाहा. उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत स्प्रे धरला की त्याचे टोक मधल्या पडद्याकडे वळते आणि औषधाचा फवारा रोज त्याच नाजूक जागेवर बसतो. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरला की टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने राहते. काही दिवस तुम्ही स्वतः शेजारी उभ्या राहून त्याच्याकडून हे करून घ्या. स्प्रे आपल्या मनाने बंद करू नका, कारण ॲलर्जी वाढली तर खाज वाढेल आणि नाक चोळणेही वाढेल. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना रक्त येत असल्याचे कळवा, ते काही दिवस थांबवायचे की औषध बदलायचे ते ठरवतील. आठवड्यातून दोन-तीनदा हे बरेच वारंवार आहे, त्यामुळे एकदा नाकाची तपासणीही करून घ्या.

शाळेतल्या बाईंनाही ‘पुढे झुकवून, मऊ भाग, १० मिनिटे’ एवढे चिठ्ठीवर लिहून द्या, आणि घोळणा फुटल्यानंतर दिवसभर त्याला नाक शिंकरू देऊ नका.