कापूस भरण्याआधी पॅड बघा
हेडफोनच्या कपात, म्हणजे कानावर बसणाऱ्या वाटीत, कापूस कोंबला की बेस (खालचे जड सूर) वाढतो असं एकांनी लिहिलंय, ते मला अर्धंच पटलं. कापसाने कपाच्या आतला घुमारा कमी होतो, आवाज जरा मोकळा वाटतो इतकंच, बेस हवा असेल तर आधी पॅड, म्हणजे कानाभोवती टेकणाऱ्या गाद्या, तपासा. माझ्या जुन्या बंद कपाच्या हेडफोनचं रेक्झिन सोलवटून काळे कपटे कानाला चिकटायला लागले म्हणून सांगलीतनं गणपती पेठेतून मखमल आणि फोम आणून घरीच नवे पॅड शिवले, हौस हो दुसरं काय. मऊ एकदम झाले पण तबल्याची नुसती टकटक, डग्गा गायबच! वाटलं ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर) गेला. मग सहज तळव्यांनी कप कानावर दाबले तर डग्गा परत हजर. म्हणजे कापडातून हवा निसटत होती, आणि कानाभोवतीचं सील गेलं की आधी खालचेच सूर जातात.

शेवटी सीट कव्हरवाल्याकडून रेक्झिनची कातरण आणून बाहेरच्या कडेला शिवली, गालाला टेकतं तेवढीच मखमल ठेवली, बराच फरक पडला. चष्म्याच्या काडीपाशीही अशीच गळती होते, एकदा काढून ऐकून बघा. आणि ड्रायव्हरच्या मागची बारीक भोकं कापसाने बुजवू नका, ती हवेसाठीच असतात.