शब्दचर्चा : टर्ब्युलन्स म्हणजे खळबळ, प्रक्षोभ की संक्षोभ?

प्रश्न :
नमस्कार. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा प्रोजेक्ट सीएफडीवर आहे, म्हणजे प्रवाहाची समीकरणं कॉम्प्युटरवर सोडवण्यावर. पंचवटीतल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीच्या मुलांशी त्याबद्दल बोलायचं आहे. ‘टर्ब्युलन्स’ (प्रवाहातली वेडीवाकडी घुसळण) आणि ‘टर्ब्युलन्स मॉडेल’ यांना मराठीत काय म्हणू? शोधलं तर खळबळ, अशांतता, प्रक्षोभ, संक्षोभ असं सगळंच सापडतं.

प्रतिसाद :
‘संक्षोभ’ घ्या. ‘खळबळ’ वर्तमानपत्रांनी केव्हाच नेली, ती आता फक्त बातमीने उडते. ‘प्रक्षोभ’ म्हटलं की प्रक्षोभक भाषण आठवतं. त्यात राग आहे, चिथावणी आहे. ‘संक्षोभ’ला बोलण्यातला असा दुसरा अर्थ चिकटलेला नाही, आणि ‘संक्षुब्ध प्रवाह’ हे रूप सहज होतं. लॅमिनारसाठी, म्हणजे थराथराने सरळ वाहणाऱ्या प्रवाहासाठी, ‘स्तरीय प्रवाह’ आहेच. जोडी चांगली जमते.

‘अशांतता’ मात्र अजिबात नको, कारण तो शब्द मुलांना चुकीचं शिकवेल. पावसाळा सरल्यावर गोदाघाटावर पाणी संथ दिसतं. समजा खोली एक मीटर आणि वेग सेकंदाला अर्धा मीटर. या दोन्हींचा गुणाकार करून पाण्याच्या शुद्धगतिक श्यानतेने (श्यानता म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध; तिला घनतेने भागलं की शुद्धगतिक) भागलं की रेनॉल्ड्स अंक येतो सुमारे ५ लाख. उघड्या पात्रात तो साधारण २,०००च्या पुढे गेला की प्रवाह संक्षुब्ध धरतात. म्हणजे ज्याला आपण शांत पाणी म्हणतो, ते या हिशेबाने कितीतरी पटींनी संक्षुब्ध आहे. पुरात दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागल्यावरच संक्षोभ सुरू होतो, असं नव्हे.

मुलांना दाखवायचंच असेल तर अहिल्याबाई होळकर पुलाजवळ, पाण्यातल्या खांबामागे वाहत आलेलं झेंडूचं फूल बघायला सांगा. ते गरकन फिरतं, थबकतं, क्षणभर प्रवाहाच्या उलट सरकतं आणि मग ओढीत सापडून निघून जातं. पाकळ्या सुटल्या तर एकमेकींना लागून असलेल्या दोन पाकळ्यासुद्धा वेगवेगळ्या वाटेने जातात. ज्याच्या नावाचा हा अंक, त्या रेनॉल्ड्सने १८८३ साली मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडून हेच पाहिलं. वेग वाढवला तशी सरळ रेघ मोडली आणि रंग सगळ्या नळीभर पसरला.

‘एडी’साठी सरळ ‘भोवरा’ म्हणा. ‘आवर्त’ पुस्तकात राहू दे. फक्त एक सांगावं लागेल : घाटावर पोहणारी पोरं ज्याला भोवरा म्हणतात तो माणूस ओढणारा असतो, इथे मिलिमीटरभराचाही भोवराच. मोठा भोवरा फुटून लहान होतो, लहान आणखी लहान, आणि शेवटी इतका बारीक होतो की श्यानता त्याची ऊर्जा उष्णतेत जिरवून टाकते. रशियन गणिती कोल्मोगोरोव्हने १९४१ मध्ये या उतरंडीचं गणित मांडलं.

दुसरा प्रतिसाद :
संक्षोभ मान्य. माझी हरकत ‘मॉडेल’ला आहे, आणि नाशकात तर जास्तच. दिंडोरी रोडवर मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) असल्यामुळे इथल्या पाटबंधाऱ्याच्या घरांत मॉडेल म्हणजे सांडव्याची लहान प्रतिकृती, जिच्यातून खरं पाणी सोडतात. टर्ब्युलन्स मॉडेल तसं काही नसतं. समीकरणांची सरासरी घेतली की भोवऱ्यांचा परिणाम दाखवणाऱ्या नव्या अज्ञात राशी उरतात आणि समीकरणं कमी पडतात. ती उणीव अनुमानाने भरून काढायची, एवढंच त्याचं काम. म्हणून ‘संक्षोभ-प्रतिमान’ म्हणावं, ‘प्रतिकृती’ कदापि नको. आम्ही कामावर मात्र ‘के-एप्सिलॉन लावलंय की एसएसटी?’ असंच विचारतो. ही त्या-त्या प्रतिमानांची नावं आहेत, त्यांचं मराठी करू नये.

अनुमान कशाला, सगळेच भोवरे मोजा ना, असं एखादा हुशार मुलगा विचारेल, आणि विचारायलाच हवं. त्याला उत्तर द्या. बारीकातला बारीक भोवरा पकडायचा तर जाळीचे बिंदू, म्हणजे पाण्यात जिथे-जिथे हिशेब करायचा त्या जागा, रेनॉल्ड्स अंकाच्या सव्वादोनाव्या घातानुसार वाढतात. वरच्या ५ लाखांसाठी ते होतात सहा लाख कोटींच्या वर. प्रत्येक बिंदूवर वेगाचे तीन आकडे आणि दाबाचा एक धरला, तर एका क्षणाचं चित्र साठवायलाच सुमारे २०० टेराबाइट लागतील. आणि हे फक्त मीटरभर पाण्याच्या ठोकळ्याचं, नदीचं नव्हे. रेनॉल्ड्स अंक दुप्पट केला की काम आठपट, कारण बिंदूंबरोबर काळाचे टप्पेही वाढतात. महासंगणक लागतो तो यासाठी.

प्रश्नकर्ती :
सर, मग ‘एचपीसी’ला, म्हणजे हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंगला, महासंगणकच म्हणू का?

दुसरा प्रतिसाद :
शाळेत हो. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक केला तेव्हापासून हा शब्द घराघरांत माहीत आहे. पण महासंगणक हे यंत्र, एचपीसी ही कामाची रीत. त्यासाठी ‘उच्चक्षमता संगणन’ बरा. रीत कशी हे सांगायला विसरू नका, मुलांना तेच आवडेल. जाळीचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका कोअरला, म्हणजे संगणकातल्या स्वतंत्रपणे हिशेब करणाऱ्या भागाला, देतात. प्रत्येक कोअर आपली बांधावरची मूल्यं शेजाऱ्याला कळवतो, शेतकरी बांधावर उभं राहून पाण्याची पाळी सांगतात तसं. दाबाचं समीकरण मात्र शेजाऱ्यावर भागत नाही. त्याला साऱ्या क्षेत्राची खबर लागते, म्हणून कोअर वाढवत नेले तरी एका मर्यादेनंतर वेळ या निरोपांतच जातो.

प्रश्नकर्ती :
शेवटचा एक शब्द. ‘एडी व्हिस्कॉसिटी’?

पहिला प्रतिसाद :
‘संक्षोभ-श्यानता’. नुसती ‘श्यानता’ असं तोडून कुठेही लिहू नका. श्यानता हा पाण्याचा गुण; तापमान तेच असेल तर नळातल्या आणि नदीतल्या पाण्याची ती सारखीच. फ्रेंच शास्त्रज्ञ बूसिनेस्कने १८७७ मध्ये सुचवलेली ही दुसरी राशी भोवऱ्यांचा परिणाम जास्तीच्या श्यानतेसारखा धरते. ती पाण्याची नाही, प्रवाहाची आहे. खांबामागे ती एक असेल, पात्राच्या मध्यावर दुसरी. फळ्यावर दोन्ही लिहिणार असाल तर चिन्हंसुद्धा वेगळी ठेवा.