मदत हवी आहे: बढतीनंतर नवऱ्याच्या गावाजवळ पोस्टिंग

सांगलीत सरकारी बँकेत क्लार्क आहे. ऑफिसरच्या बढतीत नाव लागलंय, पोस्टिंग बहुधा राज्याबाहेर. मुलगी दुसरीत. नवरा म्हणतो, "बढती घे की, पण घराचं काय ते तूच बघ." (हा पाठिंबा म्हणे!) त्याचं हार्डवेअरचं दुकान, ते हलणार नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांच्यावर भार नको. बढती सोडायची नाहीये, तो सल्ला कृपया नको. युनियनवाले म्हणतात, "आधी ऑर्डर तर येऊ दे."

विवाहित महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो पतीच्या गावाजवळ ठेवावं, अशी केंद्राची २०१४ ची सूचना सरकारी बँकांना आहे. पण नवरा नोकरीत नसून धंद्यात असेल तर पुरावा म्हणून काय चालतं, शॉप अ‍ॅक्ट की जीएसटी? आणि अर्ज ऑर्डरच्या आधी द्यायचा की नंतर?